जलशुद्धीकरण रसायनांचा मत्स्यपिलांवरील परिणाम

पिण्याचे, कारखान्यांचे किंवा मत्स्यसंवर्धनाचे पाणी निर्जंतुक, नितळ व शैवलमुक्त करण्यासाठी जी रसायने वापरतात, त्यांपैकी बहुतेक माणसाला ठरावीक मात्रेत निरुपद्रवी असली, तरी माशांच्या पिलांना त्याहून पुष्कळच कमी मात्रेत घातक ठरतात. क्लोरीन व विरंजक चूर्ण, तुरटी, चुना, मोरचूद व पोटॅशियम परमँगॅनेट ही या वर्गातील प्रमुख रसायने होत. मनुष्य पाणी पितो. मासा त्याच पाण्यात श्वसन करतो. या एका भेदामुळे ‘पिण्यास योग्य’ आणि ‘पिलांना योग्य’ या दोन कसोट्या एकमेकींपासून फार दूर गेलेल्या आहेत.

या विषयाला पूर्व विदर्भात विशेष महत्त्व आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातील गोंडपिपरी तालुका वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या दुआबात वसलेला आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा, तर वर्धेपलीकडे तेलंगण राज्य आहे. या दोन नद्यांच्या संगमापासून पुढील प्रवाहास प्राणहिता हे नाव मिळते. चंद्रपूर, गडचिरोली (१९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग), भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी व इतर समाजांनी बांधलेले हजारो लहानमोठे तलाव आहेत. मालगुजारी पद्धती १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली, तरी हे तलाव मालगुजारी (बोली भाषेत ‘मामा’) तलाव म्हणूनच ओळखले जातात. शेतातील लहान तळ्यास या भागात ‘बोडी’ म्हणतात. भाताचे ओलित, गुरांचे पाणी, कपडे धुणे आणि मासेमारी हे सारे एकाच तलावावर चालते. ढीवर, भोई, केवट इ. समाजांच्या मच्छीमार सहकारी संस्था हे तलाव ठेक्याने घेऊन त्यांत दरवर्षी मत्स्यबीज सोडतात. याच गावांत विहिरी व नळयोजनांचे पाणी विरंजक चूर्णाने निर्जंतुक केले जाते. एकच रसायन एका ठिकाणी पटकीपासून वाचविते व दुसऱ्या ठिकाणी संस्थेचे वर्षाचे उत्पन्न बुडविते. म्हणून त्याचे गुणधर्म नीट माहीत असणे आवश्यक ठरते.

मत्स्यपिलांच्या अवस्था : कटला, रोहू व मृगळ हे भारतीय प्रमुख कार्प मासे साठविलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत, पावसाळ्यात पूर आलेल्या नद्यांत अंडी घालतात. त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा करावे लागे. १९५७ मध्ये हीरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून (टोचून) या माशांचे प्रेरित प्रजनन घडवून आणले आणि बीजोत्पादन केंद्रांचा पाया घातला गेला. सु. २६° ते ३०° से. तापमानात कार्प माशांची अंडी साधारणपणे १४ ते २० तासांत फुटतात. बाहेर आलेला डिंभ पहिले सु. तीन दिवस पोटाखालील पीतकावर (अंड्यातील पोषक द्रव्यावर) जगतो. त्यानंतरच्या ४ ते ८ मिमी. लांबीच्या अवस्थेस मत्स्यजिरे, सु. २० ते २५ मिमी. पर्यंत वाढलेल्या पिलांस मत्स्यबीज आणि बोटाएवढ्या पिलांस मत्स्यबोटुकली म्हणतात. मत्स्यजिरे प्रथम लहान, उथळ संगोपन तळ्यांत वाढवितात व पुढे मोठ्या तलावांत सोडतात. हा सर्व क्रम मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये उरकावा लागतो. या काळात एक खेप मेल्यास दुसरी मिळेतो हंगाम सरतो, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील विवेचनाचे व्यावहारिक मोल कळून येईल.

पिलांच्या संवेदनशीलतेची कारणे : (१) गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तातील लवणांचे प्रमाण भोवतालच्या पाण्याहून कितीतरी अधिक असते. तर्षणामुळे पाणी सतत शरीरात शिरते व लवणे बाहेर झिरपतात. ही तूट कल्ल्यांतील विशिष्ट कोशिका सोडियम व क्लोराइड आयन पाण्यातून ओढून घेऊन भरून काढतात. कल्ल्यांच्या पातळ अधिस्तरास इजा झाली की, श्वसन व लवणांचा समतोल ही दोन्ही कार्ये एकाच वेळी बिघडतात. (२) नुकत्याच जन्मलेल्या डिंभाचे कल्ले पूर्ण विकसित झालेले नसतात. तो बऱ्याच अंशी त्वचेतूनच श्वसन व आयनांचे ग्रहण करतो. त्यामुळे त्याच्या शरीराचा सर्व पृष्ठभाग रसायनास उघडा असतो. (३) लहान जिवात वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असल्यामुळे दर ग्रॅम वजनामागे शरीरात जाणारे विष जास्त असते. (४) विषारी द्रव्ये निष्प्रभ करणारी यकृतातील व इतर ऊतकांतील एंझाइमे अद्याप अपुरी असतात, तसेच शरीरात चरबीचा व शर्करेचा साठा अल्प असतो. (५) मोठा मासा दूषित पट्टा टाळून दूर जातो; पोहण्याची शक्ती नसलेले जिरे जेथे असतात तेथेच सापडतात.

अंड्यास मात्र बाहेरील कवचामुळे काही संरक्षण मिळते. म्हणून ज्या मात्रेत अंडी फुटून पिले बाहेर येतात, त्याच मात्रेत ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरून जाणे शक्य असते. अंडी चांगली फुटली यावरून पाणी निर्दोष आहे असे अनुमान काढणे चुकीचे ठरते.

क्लोरीन व विरंजक चूर्ण : सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी क्लोरीनयुक्त द्रव्यांचा वापर इंग्लंडमधील मेडस्टन येथे १८९७ मध्ये विषमज्वराच्या साथीत करण्यात आला आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे ही पद्धत कायम स्वरूपात सुरू झाली. जलजन्य रोगांनी होणारे मृत्यू कमी करण्यात या रसायनाचा वाटा फार मोठा आहे. खेडोपाडी ‘टीसीएल पावडर’ या नावाने परिचित असलेले विरंजक चूर्ण ताजे असताना त्यात सु. ३० टक्के उपलब्ध क्लोरीन असते. दमट हवेत व उघड्या पोत्यात ते झपाट्याने कमी होत जाते.

पाण्यात क्लोरीन मिसळल्यावर हायपोक्लोरस अम्ल व हायपोक्लोराइट आयन तयार होतात. पीएच मूल्य सु. ७·५ असताना दोहोंचे प्रमाण जवळजवळ समान असते. पीएच मूल्य त्याहून कमी झाल्यास अम्लाचा व वाढल्यास आयनाचा वाटा वाढतो. विद्युत् भार नसलेले हायपोक्लोरस अम्ल कोशिकापटलातून सहज आत शिरते; ते जसे जंतूंना मारते तसेच ते कल्ल्यांच्या कोशिकांनाही मारते. पाण्यात अमोनिया असल्यास त्याच्याशी संयोग होऊन क्लोरामाइने बनतात. मोकळ्या क्लोरिनापेक्षा ती जंतुनाशक म्हणून सौम्य असली, तरी पाण्यात अधिक काळ टिकतात. ती कल्ल्यांतून रक्तात जातात आणि हीमोग्लोबिनाचे ऑक्सिडीभवन करून त्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता नष्ट करतात. अशा माशाचे रक्त तपकिरी दिसते व पाण्यात ऑक्सिजन विपुल असूनही तो गुदमरतो. मासे व त्यांचे खाद्य यांमुळे संवर्धनाच्या पाण्यात अमोनिया नेहमीच असल्याने क्लोरामाइनांचा धोका तेथे विशेष असतो.

भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) नळाच्या पाण्यात ग्राहकाकडे पोहोचताना दर लिटरला निदान ०·२ मिग्रॅ. मोकळे अवशिष्ट क्लोरीन असावे लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या १९८४ च्या निकषांनुसार गोड्या पाण्यातील जीवांच्या रक्षणासाठी एकूण अवशिष्ट क्लोरिनाची एका तासाची सरासरी दर लिटरला ०·०१९ मिग्रॅ.पेक्षा आणि चार दिवसांची सरासरी ०·०११ मिग्रॅ.पेक्षा अधिक असू नये. म्हणजे जे पाणी माणसास सुरक्षित ठरण्यासाठी आवश्यक असे किमान क्लोरीन बाळगून असते, त्यातील क्लोरीन जलचरांसाठीच्या मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असते. मत्स्यजिऱ्यांची प्लॅस्टिकची पिशवी उघडून तीत थेट नळाचे पाणी ओतणे, किंवा उबवणी केंद्रातील टाकी नळाच्या पाण्याने भरणे हे म्हणूनच घातक ठरते.

पुढील उदाहरणावरून या प्रमाणांची कल्पना येईल. ०·०४ हेक्टर क्षेत्राच्या व सरासरी १ मी. खोलीच्या संगोपन तळ्यात ४ लाख लिटर पाणी मावते. त्यात दर लिटरला ०·०२ मिग्रॅ. क्लोरीन निर्माण होण्यास ८ ग्रॅ. क्लोरीन, म्हणजे ३० टक्के शक्तीचे सु. २७ ग्रॅ. विरंजक चूर्ण पुरते. तळ्यातील सेंद्रिय द्रव्ये व चिखल पुष्कळसे क्लोरीन लगेच खर्च करतात हे खरे. पण नव्याने भरलेल्या स्वच्छ पाण्यात हे संरक्षण मिळत नाही. विहिरीत चूर्ण टाकून उरलेले पोते किंवा बादली तळ्याच्या काठावर धुणे एवढे कारणही पिले मरण्यास पुरेसे होऊ शकते.

क्लोरीनबाधित पिले प्रथम अस्वस्थ होऊन वेगाने इतस्ततः पोहतात, पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, त्यांच्या अंगावर व कल्ल्यांवर श्लेष्म्याचा पांढुरका थर साचतो, मग तोल जाऊन ती बाजूवर कलंडतात. सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्यांचा अधिस्तर सुटून आलेला व पटलिका एकमेकींस चिकटलेल्या दिसतात. ऑक्सिजन कमी पडल्यानेही मासे पृष्ठभागावर येतात. पण ती लक्षणे बहुधा पहाटे दिसतात व सूर्य वर आल्यावर ओसरतात. क्लोरिनाच्या विषबाधेस असा दैनंदिन क्रम नसतो.

क्लोरीन काढून टाकण्याचे उपाय सोपे आहेत. उघड्या, उथळ टाकीत पाणी सूर्यप्रकाशात ठेवून हवा खेळविल्यास मोकळे क्लोरीन एक-दोन दिवसांत निघून जाते. क्लोरामाइने मात्र सहज जात नाहीत. सोडियम थायोसल्फेट (छायाचित्रण व्यवसायातील ‘हायपो’) हे तत्काळ परिणाम करते. १ भाग क्लोरिनास सु. ७ भाग स्फटिकरूप थायोसल्फेट लागते. दर लिटरला ०·५ मिग्रॅ. क्लोरीन असलेल्या १,००० लि. पाण्यास हे प्रमाण ३·५ ग्रॅ. होते. क्लोरामाइनांवरही त्याचा उपयोग होतो, परंतु त्यांच्या विघटनाने अमोनिया मोकळा होतो, हे ध्यानात ठेवावे लागते. पाणीपुरवठ्यात प्रचलित असलेल्या ऑर्थोटोलिडीन (ओटी) चाचणीत पिवळा रंग न दिसल्यास क्लोरीन ‘नाही’ असे समजतात. तथापि या चाचणीच्या तुलनापट्टीवरील खालची खूण बहुधा दर लिटरला ०·१ मिग्रॅ. असते, पिलांना अपायकारक मात्रा त्याखाली असल्यामुळे केवळ या चाचणीवर विसंबणे धोक्याचे असते.

तुरटी व ॲल्युमिनियमची इतर लवणे : गढूळ पाण्यातील सूक्ष्म कण एकत्र आणून खाली बसविण्यासाठी तुरटी (ॲल्युमिनियम सल्फेट) वापरतात. तिच्या विक्रियेत पाण्यातील बायकार्बोनेटे खर्च होतात. तुरटीच्या दर १ मिग्रॅ.मागे सु. ०·५ मिग्रॅ. क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात) नाहीशी होते. पुरेशी क्षारता असलेल्या पाण्यात याने फारसे बिघडत नाही. पावसाच्या मृदू पाण्यात मात्र पीएच मूल्य एकदम घसरते व ॲल्युमिनियम विरघळलेल्या स्थितीत राहते. असे पाणी कल्ल्यांवरून वाहताना तेथील किंचित अल्कधर्मी थरात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडाचे कण तयार होऊन पटलिकांवर साचतात. त्याच वेळी सोडियमचे ग्रहणही मंदावते. पीएच मूल्य ५ ते ६ च्या दरम्यान असताना हा परिणाम तीव्र असतो. पीएच मूल्य ७ च्या आसपास ॲल्युमिनियम बहुतांशी अविद्राव्य असल्याने विषारीपणा कमी होतो. तरी ताजा, पिंजलेल्या कापसासारखा साका जिऱ्यांच्या नाजूक कल्ल्यांत अडकू शकतो. म्हणून तुरटीने निवळलेले पाणी साका पूर्णपणे बसल्यावरच वापरावे लागते. जलशुद्धीकरण केंद्रातील गाळण्या धुतलेले पाणी व साका लहान नाल्यात किंवा तलावात सोडणे याच कारणासाठी अनिष्ट होय.

नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी, स्थापना १९५८) १९७० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या ‘नलगोंडा’ पद्धतीत पाण्यातील जादा फ्ल्युओराइड काढण्यासाठी तुरटी, चुना व विरंजक चूर्ण ही तिन्ही द्रव्ये एकत्र वापरतात. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्ल्युओराइड अधिक असल्याने ही पद्धत या प्रदेशाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्यातून उरणाऱ्या साक्यात ॲल्युमिनियम व फ्ल्युओराइड हे दोन्ही एकवटलेले असतात. त्याची विल्हेवाट तलावापासून दूर लावणे इष्ट असते.

चुना : संगोपन तळ्याच्या पूर्वतयारीत सामान्यतः हेक्टरी २०० ते २५० किग्रॅ. चुना टाकतात. त्याने आम्लता कमी होते, तळातील सेंद्रिय द्रव्यांचे अपघटन त्वरेने होते व काही रोगजंतू मरतात. योग्य वेळी टाकलेला चुना पिलांना उपकारकच असतो. अपाय होतो तो वेळ चुकल्यामुळे. कळीच्या चुन्याच्या निवळीचे पीएच मूल्य १२ च्या पुढे असते, तर माशांना सर्वसाधारणपणे ६·५ ते ९ ही कक्षा मानवते. पीएच मूल्य ११ च्या जवळ गेल्यास कल्ल्यांची व डोळ्यांतील पारपटलाची कोशिका-आवरणे नष्ट होऊन पिले लवकरच मरतात.

चुन्याचा दुसरा परिणाम अप्रत्यक्ष असून सहसा लक्षात येत नाही. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो : अमोनियम आयन हा जवळजवळ निरुपद्रवी, तर आयनीभवन न झालेला अमोनिया अतिशय विषारी. २५° से. तापमानास या विषारी रूपाचे प्रमाण पीएच मूल्य ७ असताना एकूण अमोनियाच्या सु. ०·६ टक्के, ८ असताना सु. ५ टक्के व ९ असताना सु. ३६ टक्के असते. शेणखत घातलेल्या तळ्यात पिले सोडल्यानंतर चुना टाकल्यास मुळात असलेलाच अमोनिया घातक बनतो. शैवलांची गर्दी असलेल्या तळ्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे पीएच मूल्य आधीच वाढलेले असते. त्या वेळी चुना टाकणे अधिकच धोक्याचे होय. चुना बीज सोडण्यापूर्वी निदान एक आठवडा टाकून पीएच मूल्य खाली आल्याची खात्री करून घेतात.

मोरचूद : कॉपर सल्फेट जलाशयातील शैवले व गोगलगाई नष्ट करण्यासाठी वापरतात. त्यातील तांब्याचा आयन कल्ल्यांतील सोडियम शोषून घेणारे एंझाइम निष्क्रिय करतो. त्यामुळे रक्तातील सोडियम व क्लोराइड घटत जाऊन मृत्यू ओढवतो. याहून कमी मात्रेत गंधज्ञान बोथट होते. पिलांना अन्नाचा व शत्रूचा सुगावा लागत नाही आणि ती सहज भक्ष्य होतात. मेलेली पिले तरंगताना न दिसताही हंगामाअखेरीस पीक कमी येण्याचे हे एक कारण असते. मृदू पाण्यात दर लिटरला काही शतांश मिग्रॅ. तांबेही संवेदनशील जातींच्या पिलांना मारक ठरते.

कठीण व क्षारतायुक्त पाण्यात कॅल्शियमचे आयन कल्ल्यांवरील जागा व्यापतात आणि कार्बोनेटे तांब्यास बांधून ठेवतात. म्हणून तेथे तांब्याचा विषारीपणा कमी होतो. यावरून एक स्थूल नियम रूढ झाला आहे : मोरचुदाची मात्रा (दर लिटरला मिग्रॅ.) पाण्याच्या एकूण क्षारतेच्या शंभराव्या भागाहून जास्त नसावी आणि क्षारता दर लिटरला ५० मिग्रॅ.पेक्षा कमी असल्यास मोरचूद वापरूच नये. उन्हाळ्यात आटलेल्या तलावात क्षारता वाढलेली असते. जुलैत पावसाचे पाणी भरल्यावर ती खाली येते. पिले सर्वांत लहान असतात तेव्हाच पाणी सर्वांत मृदू असते. त्यामुळे मे महिन्यात चाललेली मात्रा जुलैत चालेल असे धरून चालता येत नाही. शिवाय तांबे शैवलांना मारते, ती कुजताना ऑक्सिजन खर्च होतो व पिले गुदमरतात. ज्या प्राणिप्लवकांवर जिरे वाढतात ते तर माशांपेक्षाही तांब्याला लवकर बळी पडतात.

पोटॅशियम परमँगॅनेट : विहिरीत टाकावयाचे जांभळे औषध म्हणून हे पूर्वीपासून परिचित आहे. मत्स्यसंवर्धनात परजीवी व कवके यांविरुद्ध दर लिटरला २ ते ४ मिग्रॅ. या प्रमाणात ते वापरतात. ते प्रबळ ऑक्सिडीकारक असून सेंद्रिय द्रव्यांवर खर्च होते. तळ्यातील गढूळ पाण्यात निरुपद्रवी ठरणारी मात्रा नळाच्या स्वच्छ पाण्याने भरलेल्या टाकीत कल्ले भाजून काढते. विक्रियेनंतर तयार होणारे मँगॅनीज डाय-ऑक्साइड कल्ल्यांवर तपकिरी थराच्या रूपाने साचते. खडे न विरघळविता टाकल्यास ते तळाशी पडतात व अन्न समजून तोंडात घेणारी पिले मरतात. जिऱ्यांच्या अवस्थेत हे द्रव्य शक्यतो टाळणेच श्रेयस्कर होय.

तळे शुद्ध करण्याची द्रव्ये : मत्स्यजिरे सोडण्यापूर्वी संगोपन तळ्यातील मरळ, शिंगी, मागूर इ. भक्षक मासे काढून टाकणे आवश्यक असते. जाळ्याने ते पूर्णपणे निघत नाहीत. म्हणून मत्स्यविषाचा उपयोग करतात. पूर्व विदर्भातील जंगलांत विपुल असलेल्या मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर उरणारी पेंड हे यांतील सर्वांत उपयुक्त द्रव्य आहे. तिच्यातील सॅपोनीन रक्तातील तांबड्या कोशिका फोडते. प्रमाण दर हेक्टर-मीटर पाण्यास २,५०० किग्रॅ., म्हणजे दर लिटरला २५० मिग्रॅ. असते, वरील ०·०४ हेक्टरच्या तळ्यास १०० किग्रॅ. पेंड लागते. तिचा विषारी प्रभाव सु. दोन ते तीन आठवडे टिकतो व नंतर तिचेच खत होऊन प्राणिप्लवक वाढतात. गेळ व हिंगणबेट यांच्या फळांनी मासे गुंगविण्याची वनवासी लोकांतील जुनी पद्धतही सॅपोनिनाच्या अशाच गुणावर आधारलेली आहे.

पेंड न मिळाल्यास दर हेक्टर-मीटरला ३५० किग्रॅ. विरंजक चूर्ण वापरतात. वरील तळ्यास ते १४ किग्रॅ. होते व पाण्यात दर लिटरला सु. १० मिग्रॅ. क्लोरीन उतरते. ही मात्रा जलचरांसाठीच्या मर्यादेच्या कित्येक शेपट असल्याने तळ्यातील सर्व मासे मरतात. उन्हात हा प्रभाव सु. ७–८ दिवसांत नाहीसा होतो. ढगाळ हवेत अधिक अवधी लागतो. पावसाळी आभाळ भरून आलेले असताना केवळ दिवस मोजून बीज सोडणे त्यामुळे योग्य नाही.

औद्योगिक वापर : औष्णिक विद्युत् केंद्रांत शीतक नलिकांमध्ये शेवाळ व जंतूंचे थर धरू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीन सोडतात. कागद, कापड इ. उद्योगांतही क्लोरीनयुक्त द्रव्यांचा वापर होत आला आहे. इरई धरणाच्या पाण्यावर चालणारे चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत् केंद्र, कोळसा खाणी व कागद उद्योग यांमुळे वर्धेच्या खोऱ्यात या प्रश्नास विशेष अर्थ प्राप्त झाला आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये औष्णिक केंद्राच्या शीतक पाण्यातील मोकळ्या क्लोरिनाची मर्यादा दर लिटरला ०·५ मिग्रॅ. ठरविली आहे, भूपृष्ठावरील जलाशयांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मानकात एकूण अवशिष्ट क्लोरीन १ मिग्रॅ.पर्यंत चालते. या मर्यादा सांडपाणी नदीत पुरेसे विरळ होईल या गृहीतावर उभ्या आहेत. भर पावसाळ्यात ते खरे ठरते. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाल्यावर विसर्गस्थानाजवळील डोहात ते खरे ठरतेच असे नाही. त्याच मानकात एक जैव कसोटीही घातलेली आहे : अविरल सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जिवंत राहिले पाहिजेत. ही कसोटी कोणत्या वयाच्या माशांवर घेतली जाते यावर तिचे मोल अवलंबून असते. प्रौढ मासे तगले, म्हणून मत्स्यजिरेही तगतील असे म्हणता येत नाही.

विषारीपणाचे मापन : प्रयोगशाळेत पिलांचे गट रसायनाच्या वाढत्या मात्रांत ठेवून ९६ तासांत निम्मी पिले ज्या मात्रेत मरतात ती मध्यम मारक मात्रा काढतात. ही सुरक्षित मात्रा नव्हे. वाढ खुंटणे, आहार घटणे, पाठीचा कणा वाकडा होणे, रोगप्रतिकारशक्ती कमी होणे हे परिणाम तिच्या लहानशा अंशातही घडतात; म्हणून सुरक्षित मर्यादा ठरविताना मध्यम मारक मात्रेचा दहावा, कधी शंभरावा भाग घेतात. प्रयोगातील पाण्याचे तापमान, पीएच मूल्य, क्षारता व सेंद्रिय द्रव्ये नमूद केल्याशिवाय असा आकडा दुसऱ्या ठिकाणी लावता येत नाही. थंड प्रदेशांतील ट्राउट माशांवरून काढलेली प्रमाणे ३०° से. तापमानाच्या मृदू तलावपाण्यातील रोहूच्या पिलांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

प्रतिबंधक उपाय : ग्रामीण मत्स्यसंवर्धकाजवळ प्रयोगशाळा नसली, तरी एक खात्रीची कसोटी त्याच्या हाती असते. बीज सोडण्याच्या आदल्या दिवशी तळ्यात बारीक जाळीच्या कापडाची पेटी (हापा) बांधून तीत थोडी पिले ठेवावीत. २४ तासांनंतर ती तरतरीत असल्यासच उरलेली सोडावीत. याखेरीज पुढील दक्षता घेणे आवश्यक असते : द्रव्याची मात्रा तळ्याच्या प्रत्यक्ष घनफळावरून काढणे, अंदाजाने नव्हे, विरंजक चूर्णाची शक्ती पोत्याच्या वयानुसार बदलते हे जाणणे, दोन रसायने एकाच वेळी न वापरणे, नळाचे पाणी थायोसल्फेटाने क्लोरीनमुक्त केल्यावरच पिशवीत किंवा टाकीत घेणे, बीजाची पिशवी काही वेळ तळ्यात तरंगत ठेवून दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होऊ देणे व नंतर तळ्याचे पाणी थोडेथोडे आत घेणे.

पाण्याचे निर्जंतुकीकरण व मत्स्यसंवर्धन यांत मूलतः विरोध नाही. साथीच्या काळात विहिरीत विरंजक चूर्ण टाकण्यात हयगय करणे केव्हाही समर्थनीय ठरणार नाही. ज्या गावात एकाच तलावातून पिण्याचे पाणी उचलले जाते व त्यातच मासे वाढविले जातात, तेथे रसायन उचललेल्या पाण्यात, टाकीतच मिसळणे, तलावात नव्हे. टाकी धुतलेले पाणी परत तलावाकडे वळू न देणे आणि पाणीपुरवठा कर्मचारी व मच्छीमार संस्था यांनी जुलै-ऑगस्टमधील कामांच्या तारखा एकमेकांस कळविणे, एवढ्याने बहुतेक हानी टळते.